ओहोटीची वेळ बघून अंदमान पाहा

नील बेटावरच्या दगडी कमानीपाशी मी पहिल्यांदा पोचलो तेव्हा भरती होती. कमान दिसली, पण लांबूनच. मध्ये मांडीपर्यंत पाणी आणि पाण्याखाली धारदार खडक. दहा मिनिटं काठावर उभं राहून, फोटो काढून आम्ही परतलो. दोन दिवसांनी ओहोटीची वेळ विचारून पुन्हा गेलो, तर जिथे पाणी होतं तिथून आम्ही चालत कमानीखाली गेलो. खडकांतल्या डबक्यांमध्ये समुद्रकाकड्या (काकडीच्या आकाराचे मऊ समुद्रजीव) पसरल्या होत्या, लहान मासे अडकून राहिले होते, आणि एक मोठी शिंपली आपले निळेजांभळे ओठ किंचित उघडून बसली होती. जागा तीच होती, फक्त पाणी दीड मीटर उतरलं होतं.

तेव्हापासून अंदमानला निघालेल्या प्रत्येकाला मी हेच सांगतो: हॉटेल बघण्याआधी भरती-ओहोटीचं कोष्टक बघा. इथली बहुतेक ठिकाणं भरतीला एक आणि ओहोटीला दुसरीच असतात. सहलीच्या ठरीव कार्यक्रमात गाडी सकाळी नऊला निघते म्हणून नऊला निघते, समुद्राला कुणी विचारत नाही. म्हणून हा लेख त्या क्रमाने लिहिला आहे, ज्या क्रमाने मी स्वतः आता बेत आखतो.

पायरी १: महिना ठरवा, मग तिथी

अंदमानला वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो दोन्ही मोसमी वाऱ्यांकडून येतो. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येकडून, आणि त्यानंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ईशान्येकडून. या दुसऱ्या काळात बंगालच्या उपसागरात चक्रीवादळंही उठतात आणि बोटी ऐनवेळी रद्द होतात. बाहेर फिरण्याचे खरे महिने डिसेंबर ते एप्रिल. त्यातही समुद्र सर्वांत शांत आणि पाणी नितळ हवं असेल तर फेब्रुवारीचा मध्य ते एप्रिल. डिसेंबरच्या सुट्टीतली गर्दी टाळता येते हा आणखी एक फायदा.

महिना ठरला की पंचांग उघडा. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास, खरं तर त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत, उधाण असतं: भरती सर्वांत वर चढते आणि ओहोटी सर्वांत खाली उतरते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हा पाणी थोडंच चढतं आणि थोडंच उतरतं. कोकणातल्या वाचकांना हे सांगायला नको. अंदमानात उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांच्यातलं अंतर सुमारे दोन मीटर असतं. आकडा लहान वाटतो, पण इथले किनारे इतके उथळ आहेत की दोन मीटरमध्ये शेकडो पावलांची जमीन उघडी पडते.

आता यातला उपयोगाचा भाग. खडक, डबकी आणि वाळूचे दांडे पाहायचे असतील तर उधाणाची ओहोटी हवी. पाण्याखालचे प्रवाळ पाहायचे असतील तर भांग बरा, कारण तेव्हा प्रवाह मंद असतो आणि तळाचा गाळ कमी ढवळला जातो. रात्री पाण्यात चमकणारे सूक्ष्मजीव पाहायचे असतील तर चंद्र नको. ही तिन्ही कामं एका आठवड्यात बसवायची असतील तर पौर्णिमेपेक्षा अमावास्या धरा. अमावास्या-प्रतिपदेला नील, द्वितीया ते चतुर्थी हॅवलॉक, आणि षष्ठी-सप्तमीच्या सुमारास, पाणी भांगाकडे झुकत असताना, पोर्ट ब्लेअरजवळच्या वंडूरचं सागरी उद्यान. मी हाच क्रम ठेवतो आणि तो क्वचितच फसतो.

पायरी २: आपलं घड्याळ बदला

पोर्ट ब्लेअर मुंबईच्या वीस रेखांश पूर्वेला आहे, पण वेळ भारतीय प्रमाणवेळच. म्हणजे सूर्य मुंबईपेक्षा जवळजवळ ऐंशी मिनिटं आधी उगवतो आणि तितकाच आधी मावळतो. डिसेंबरच्या सुरुवातीला संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्यास्त होतो आणि सकाळी साडेपाचच्या आत उजाडलेलं असतं. एप्रिलमध्ये सूर्योदय पाचच्या थोडा नंतर.

हे माहीत असूनही लोक फसतात, कारण सवय सुटत नाही. आठला नाश्ता, दहाला बाहेर, चारला चहा, आणि मग सूर्यास्ताला धावाधाव. इथे साडेचारला उठा. पाच ते नऊ हे चार तास दिवसातले सर्वांत मोलाचे: वारा पडलेला, ऊन कोवळं, पाणी स्वच्छ. अकरा ते दोन सावलीत काढा. सूर्यास्त बघायचा असेल तर साडेतीनला निघा. उष्ण कटिबंधात संधिप्रकाश फार टिकत नाही. सूर्य बुडाल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत अंधार दाटतो, म्हणून टॉर्च जवळ हवीच.

पायरी ३: कोष्टक वाचायला शिका

कोकणात तिथीची पाऊणपट करून पूर्ण भरतीची वेळ काढतात. हा हिशेब मुंबई-कोकणच्या किनाऱ्याचा आहे, तो अंदमानला लावू नका. तिथल्या वेळा वेगळ्या पडतात. पोर्ट ब्लेअरचं कोष्टक इंटरनेटवर सहज मिळतं. नील आणि हॅवलॉकला त्यात काही मिनिटांचाच फरक पडतो. दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या, आणि प्रत्येक वेळ दुसऱ्या दिवशी साधारण पन्नास मिनिटं पुढे. मुक्कामाच्या सगळ्या दिवसांच्या वेळा आणि पाण्याची उंची एका कागदावर उतरवून घ्या. मोबाईलवर ठेवलीत तरी चालेल, पण बेटांवर नेटवर्क दगा देतं तेव्हा कागद कामी येतो.

पाणी सहा तास एकाच वेगाने चढत नाही. पूर्ण ओहोटीनंतर पहिल्या तासात एकूण चढाच्या बाराव्या हिश्श्याइतकंच चढतं, दुसऱ्या तासात दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. दोन मीटरच्या उधाणात याचा अर्थ असा की पहिल्या तासात पाणी जेमतेम वीतभर वर येतं, आणि तिसऱ्या तासात अर्धा मीटर. खडकांवर रमलेला माणूस पहिला तास बघून निर्धास्त होतो आणि तिसऱ्या तासात अडकतो. म्हणून नियम साधा ठेवा: पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी खडकांवर उतरा, उतरत्या पाण्यामागे चालत जा, आणि पाणी फिरल्यावर अर्ध्या-पाऊण तासात काठावर या.

नील: चार किनारे, चार वेळा

सरकारी नाव शहीद द्वीप. २०१८ च्या डिसेंबरात हॅवलॉकचं स्वराज द्वीप आणि रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं तेव्हाच हेही नाव दिलं गेलं. पोर्ट ब्लेअरसुद्धा सप्टेंबर २०२४ पासून श्री विजयपुरम आहे. तिकिटांवर दोन्ही नावं दिसतात, गोंधळू नका. मी इथे बोलीतली जुनीच नावं वापरतो आहे.

नील इतकं लहान आहे की सायकलवर सगळं होतं. रस्ता बऱ्यापैकी सपाट, दोन्ही बाजूंना केळी, सुपारी, भाजीचे मळे. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी हे बेट वसवलं, आणि किनाऱ्यांची नावं रामायणातली: भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर. अंदमानात मला एकच बेट निवडायला सांगितलं तर मी हेच निवडेन.

सीतापूर पूर्वेकडे, सूर्योदयाचं. उधाणाच्या भरतीला इथली पुळण जवळपास नाहीशी होते आणि लाटा मागच्या कड्यापर्यंत येतात, म्हणून पहाटे भरती असेल तर वरूनच बघा.

भरतपूर जेट्टीला लागून आहे. इथले प्रवाळ उथळ पाण्यात आहेत. पूर्ण ओहोटीला ते इतके वर येतात की पोहणाऱ्याचं पोट घासतं आणि प्रवाळ मोडतात. पाणी अर्धं चढल्यावर उतरा.

लक्ष्मणपूरचे दोन भाग आहेत. पहिला सूर्यास्ताचा: लांब पांढरी पुळण, टोकाला वाळूची जीभ. कोकणात समुद्राची वाळू बहुतेक करडी-काळपट असते, कारण तिच्यात बेसॉल्टचा चुरा असतो. इथली पांढरी वाळू प्रवाळांच्या आणि शिंपल्यांच्या चुऱ्याची आहे. पोपटमासा प्रवाळ कुरतडतो, त्यातलं खाण्याजोगं पचवतो आणि उरलेला चुना बारीक वाळू होऊन मागे पडतो. पाण्याखाली कान देऊन ऐकलंत तर त्याच्या दातांचा कडकड आवाज येतो.

दुसरा भाग म्हणजे ती दगडी कमान. प्रवाळी चुनखडकाला लाटांनी खालून पोखरून ही कमान झाली आहे. वरती झाडंझुडपं वाढली आहेत. स्थानिक लोक हावडा ब्रिज म्हणत आले आहेत. गाडीच्या तळापासून दहा मिनिटांची वाट, त्यातला शेवटचा टप्पा खडकांवरून. रबरी चपला इथे निकामी. पायाला घट्ट बसणारे, भिजले तरी चालतील असे बूट घाला. वाटाड्या घ्या. तो दगडाच्या फटीतला खेकडा दाखवतो, जो तुम्हाला एकट्याला दिसणार नाही, आणि कुठे पाय ठेवायचा नाही हेही सांगतो. डबक्यातलं काहीही उचलू नका. शंकूच्या आकाराचे, नक्षीदार शंख असतात ना, त्यांतल्या काही जातींचा डंख माणसाचा जीव घेऊ शकतो. आणि समुद्रकाकडीला बाहेर काढून फोटोसाठी हातात धरण्याचा जो प्रकार चालतो तो तुमच्यापुरता तरी थांबवा.

हॅवलॉक: राधानगरवर घाई नको

पोर्ट ब्लेअरहून खासगी बोट दीड ते अडीच तासांत पोचवते, सरकारी बोटीला थोडा जास्त वेळ. बोट लागणाऱ्यांनी सकाळची पहिली फेरी घ्यावी. दुपारी वारा वाढतो. नीलहून हॅवलॉक जवळच आहे, तेव्हा पोर्ट ब्लेअर-नील-हॅवलॉक-पोर्ट ब्लेअर असा त्रिकोण करा. तिकिटं महिनाभर आधी काढलेली बरी. मात्र परतीचं विमान आणि परतीची बोट एकाच दिवशी ठेवू नका, हे अगदी कळकळीने सांगतो. समुद्र खवळला तर बोट सुटत नाही, आणि विमान थांबत नाही.

राधानगर पश्चिमेला आहे. सुमारे दोन किलोमीटरची पुळण, मागे उंच सदाहरित जंगलाची भिंत, आणि पायाखाली पिठासारखी वाळू. २०२० मध्ये त्याला स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांना दिलं जाणारं ब्लू फ्लॅग मानांकन मिळालं. बहुतेक लोक सूर्यास्ताच्या तासभर आधी येतात आणि प्रवेशाजवळच घोळका करतात. तुम्ही तीनला या आणि उजवीकडे चालू लागा. दहा मिनिटांत गर्दी मागे पडते. पाणी उतरत असेल तर ओल्या वाळूचा रुंद पट्टा उघडा पडतो आणि त्यात सगळं आकाश दिसतं. सूर्य बुडाल्यावर लगेच निघू नका. पुढची पंधरा मिनिटं रंग चढत जातात.

पाण्यात मात्र दिवसाउजेडीच, आणि जीवरक्षक असतील त्या पट्ट्यातच. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. एप्रिल २०१० मध्ये राधानगरजवळच्याच एका कोंडात पाण्याखालचं छायाचित्रण करणाऱ्या पर्यटक महिलेचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. अशा घटना विरळ आहेत, पण मगर कुठे असते ते ठरलेलं आहे: खाडीच्या तोंडाशी, कांदळवनाच्या कडेला, संधिकाळी. त्या जागा आणि ती वेळ टाळा, सूचनाफलक वाचा, बाकी भीती बाळगायचं कारण नाही.

एलिफंट बीचला दोन वाटा: जेट्टीवरून बोट, नाहीतर जंगलातून पाऊण तासाची पायवाट. धडधाकट असाल तर एकदा तरी चालत जा. वाट उंच झाडांखालून उतरते आणि शेवटी दलदलीतून किनाऱ्यावर निघते. पाऊस पडून गेला असेल तर चिखल घोट्याच्या वर असतो. किनाऱ्यावर आडवे पडलेले पांढरेफटक ओंडके दिसतात; २००४ च्या त्सुनामीत उन्मळलेल्या झाडांच्या त्या खुणा आहेत. प्रवाळ अगदी जवळ, कमरेभर ते पुरुषभर पाण्यात. इथेही पूर्ण ओहोटी टाळा.

सूर्योदयासाठी पूर्वेचा कालापत्थर. विजयनगरच्या किनाऱ्यावर समुद्री महुआची जुनी झाडं पाण्यावर ओणवी झाली आहेत. दुपारचे ते अकरा ते दोनचे तास त्यांच्या सावलीत काढा.

अमावास्येनंतरच्या दोन-तीन दिवसांत हॅवलॉकला असाल तर रात्रीची कायाक फेरी चुकवू नका. पाण्यातले सूक्ष्म जीव ढवळले गेले की निळसर चमकतात. वल्हं मारलं की ठिणग्या, हात बुडवला की बोटांभोवती उजेड. द्वितीयेची कोर सूर्यास्तानंतर दीडएक तासात मावळते, म्हणजे साडेसातनंतर हवा तसा अंधार मिळतो. फोटोत हे नीट येत नाही. मोबाईल खोलीवर ठेवा आणि डोळ्यांना वीस मिनिटं अंधाराची सवय होऊ द्या.

पायरी ४: पाण्यात डोकं घालण्याआधी

पोहता येत नाही म्हणून प्रवाळ न बघता परतणारे पाहिले की मला खरोखर वाईट वाटतं. स्नॉर्केलिंगला, म्हणजे मुखवटा आणि श्वासाची नळी लावून तरंगत खाली बघायला, पोहणं येणं चांगलंच, पण अत्यावश्यक नाही. जॅकेट आणि वाटाडा असतो. जमायला हवी ती फक्त तोंडाने श्वास घेण्याची सवय, आणि ती घरी बादलीतसुद्धा होते.

मुखवटा निवडताना पट्टा न लावता तो चेहऱ्यावर दाबा आणि नाकाने हलका श्वास आत ओढा. हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला तर माप बरोबर. मिशी असेल तर वरच्या ओठावर थोडी व्हॅसलीन लावा, नाहीतर तिथून पाणी शिरतं. काचेला आतून थुंकी चोळून विसळा म्हणजे वाफ धरत नाही. मग कमरेभर पाण्यात उभं राहून, चेहरा बुडवून, दोन मिनिटं नुसता श्वास घ्या. घाई इथेच नडते. श्वासाची लय बसली की शरीर आपोआप तरंगतं. नळीत पाणी शिरलं तर घाबरून उभं राहू नका, जोरात फुंका.

आणि उभं राहू नका हे दुसऱ्या कारणासाठीही. खाली जे खडक वाटतं ते जिवंत आहे. फांद्यांचे प्रवाळ वर्षाला काही सेंटिमीटर वाढतात, गोळ्यासारखे घट्ट प्रवाळ तर मोजके मिलिमीटर. एका पावलाखाली कुणाच्या तरी आयुष्याएवढी वाढ मोडते. अंदमानचे प्रवाळ १९९८, २०१० आणि २०१६ साली पाणी तापल्यामुळे पांढरे पडले होते. काही सावरले, काही नाही. त्यांच्यावर आपला भार नको. ऊन टाळायला क्रीमच्या थरांपेक्षा लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा घाला. त्याने पाठ भाजत नाही आणि पाण्यात रसायनंही जात नाहीत.

स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन बुडी, करायचं असेल तर पहिल्यांदा जाणाऱ्यांना जास्तीत जास्त बारा मीटरपर्यंत, प्रशिक्षकाबरोबर नेतात. वय किमान दहा वर्षं. सर्दी असेल त्या दिवशी रद्द करा, कानाला इजा होते. एकदाच बुडी मारली असेल तर विमानाआधी किमान बारा तास, एकापेक्षा जास्त झाल्या असतील तर अठरा तास जाऊ द्या.

वंडूरचं सागरी उद्यान

महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान १९८३ मध्ये स्थापन झालं. २८१ चौरस किलोमीटरहून थोडं जास्त क्षेत्र, पंधरा बेटं. पर्यटकांसाठी जॉली बॉय आणि रेड स्किन ही दोन बेटं आळीपाळीने उघडतात. साधारणपणे कोरड्या महिन्यांत जॉली बॉय आणि पावसाळी महिन्यांत रेड स्किन, म्हणजे प्रवाळांना विसावा मिळतो. सोमवारी बंद. परवाना आदल्या दिवशीच पोर्ट ब्लेअरमध्ये काढून ठेवा आणि सकाळी लवकर वंडूर जेट्टीवर हजर राहा. प्लास्टिक नेता येत नाही. सामान तपासतात, आणि पाण्याच्या बाटलीची अनामत घेऊन परत आणलीत की देतात. ही शिस्त अंदमानात सगळीकडे हवी होती असं तिथे गेल्यावर वाटतंच.

जाताना वाटेत शिप्पीघाट लागतं. रस्त्याकडेला पाण्यात बुडालेली सपाटी दिसेल. ती पूर्वी शेती होती. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात पोर्ट ब्लेअरच्या परिसरातली जमीन सुमारे एक मीटर खचली आणि भरतीचं पाणी आत आलं ते कायमचं. त्याच भूकंपात उत्तर अंदमानचा वायव्य किनारा मीटरभराहून अधिक वर उचलला गेला, तिथले प्रवाळ हवेत उघडे पडले आणि मेले. वर-खाली सरकणाऱ्या पाण्याचं कोष्टक आपण पाहतो, पण एका सकाळी जमिनीनेच आपली पातळी बदलली. गाडी दोन मिनिटं थांबवून ते बघावं.

पोर्ट ब्लेअरजवळ आणखी दोन जागा. दक्षिणेला चिडिया टापू: पक्षी, कांदळवन, सूर्यास्त, आणि मुंडा पहाडची दीडएक किलोमीटरची चढण. उत्तरेला माउंट हॅरियट, आताचं माउंट मणिपूर, चॅथमहून बांबू फ्लॅटला फेरीने जाऊन. वरून नॉर्थ बे आणि दीपगृहाचं जे दृश्य दिसतं ते वीस रुपयांच्या जुन्या लाल नोटेवर छापलेलं होतं. सकाळी ढग उतरण्याआधी जा.

बाराटांग करायचं का?

चुनखडीच्या गुहा, कांदळवनातली होडी, चिखलाचा ज्वालामुखी, सगळं एका दिवसात. म्हणून प्रत्येक कार्यक्रमात बाराटांग बेट असतं. पण तिथला रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून जातो. गाड्या ताफ्याने सोडतात. थांबणं, फोटो काढणं, खाणं देणं हा गुन्हा आहे. राखीव क्षेत्रातला हा रस्ता बंद करावा असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये दिला होता, तरी वाहतूक चालूच राहिली. मी तिकडे जात नाही. गुहेसाठी कुणाच्या घराच्या अंगणातून रोज गाड्यांची रांग जावी, हे मला पटत नाही.

त्यातलं बरंचसं दुसरीकडे मिळतं. कांदळवन पाहायला मध्य अंदमानातल्या रंगत गावाजवळ धनिनाला येथे सातशे मीटरचा लाकडी पूल बांधला आहे. ओहोटीला जा: कांदळाची कमानीसारखी मुळं, तिवराची चिखलातून वर आलेली श्वासमुळं आणि त्यांच्यामध्ये उड्या मारणाऱ्या निवट्या तेव्हाच दिसतात. चिखलाचे ज्वालामुखी उत्तर अंदमानातल्या दिगलीपूरजवळ श्यामनगरलाही आहेत. नावावर जाऊ नका. खालून येणारा वायू, मुख्यतः मिथेन, थंड चिखल वर ढकलतो आणि बुडबुडा फुटतो, एवढंच. खरा ज्वालामुखी बॅरन बेटावर आहे. भारतातला तो एकमेव जागृत ज्वालामुखी, पोर्ट ब्लेअरपासून सुमारे १४० किलोमीटरवर. तिथे उतरता येत नाही.

हाताशी तीन-चार दिवस जास्त असतील तर उत्तरेला

राखीव क्षेत्र टाळायचं तर हॅवलॉक आणि लाँग आयलंडवरून रंगतला जाणारी सरकारी बोट घ्या, पुढे बस. बोट रोज नसते. वार जेट्टीवर विचारून घ्या. लाँग आयलंडला एक रात्र थांबून जंगलातल्या वाटेने लालाजी बे गाठता येतं, आणि तिथे पुळणीवर बहुधा तुम्ही एकटेच असाल.

दिगलीपूरला पोचलात की एरियल बे जेट्टीवर वनखात्याचा परवाना काढून रॉस आणि स्मिथ ही जुळी बेटं. (पोर्ट ब्लेअरजवळचं रॉस वेगळं.) दोन बेटांना जोडणारा वाळूचा दांडा ओहोटीला उघडा पडतो, भरतीला पाण्याखाली जातो. उधाणाच्या दिवशी पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी पोचा. डावीकडे एक समुद्र, उजवीकडे दुसरा, आणि मधून तुम्ही कोरड्या पायांनी चालता. अंदमानात माझ्या मते याहून सुंदर दृश्य नाही.

सॅडल पीक, ७३२ मीटर, अंदमानचं सर्वोच्च शिखर. लामिया बेपासून एका बाजूने आठ किलोमीटरच्या आसपास. परवाना आणि वाटाड्या घ्या, माणशी तीन लिटर पाणी, आणि उजाडताच सुरुवात. दुपारी एकपर्यंत जिथे असाल तिथून मागे फिरा, कारण अंधार साडेपाचलाच होतो. शेजारच्या कालीपूरच्या किनाऱ्यावर हिवाळ्याच्या महिन्यांत कासवं अंडी घालायला येतात. चार जातींची कासवं येतात अशी ही विरळ जागा आहे. वनकर्मचाऱ्यांबरोबर जा, पांढरी टॉर्च आणि फ्लॅश बंद, आणि मादीच्या समोर कधीही जाऊ नका.

सामानाबद्दल थोडंसं

पाण्यात चालणारे घट्ट बूट, टॉर्च, पाणी न शिरणारी पिशवी, टोपी, स्वतःचा स्नॉर्केल मुखवटा जमला तर. वाळूमाश्या ओल्या वाळूवर सकाळ-संध्याकाळ चावतात आणि खाज आठवडाभर राहते. पायांना खोबरेल तेलाचा जाड हात लावला तर त्या कमी चावतात, आणि वाळूवर थेट न बसता चटई घ्यावी. भारतीय नागरिकांना नेहमीच्या बेटांसाठी वेगळा परवाना लागत नाही, ओळखपत्र पुरतं. निकोबार आणि आदिवासी राखीव क्षेत्रं यात येत नाहीत.

निघायच्या दिवशी बॅगा बांधताना मुलांचे खिसे आणि बुटांच्या पिशव्या झटकून पाहा. प्रवाळाचा तुकडा किंवा शंख निघाला तर किनाऱ्यावर ठेवून या. प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, विमानतळावर सामान तपासतात, आणि त्या रिकाम्या शंखात राहायला एखादा संन्यासी खेकडा घर शोधत फिरत असतो.